टूथपेस्टनं बुजवलेली भोकं

माझं काम एवढंच: फोन धरायचा, हात हलू द्यायचा नाही.
ओडेलिया पंचेचाळीस सेकंदांत केस सरळ करून दाखवायची,
(कुरळे तर ते जन्मतःच)
आणि व्हिलरबानच्या आमच्या चौथ्या मजल्यावरून
ते ब्रसेल्सला जायचं, डकारला जायचं, कुठं कुठं.
शाम्पूवाले महिन्याला पैसे द्यायचे.
आई म्हणायची, केसांचं का होईना, खातोय ना आपण.

एका मंगळवारी मान वाकवताना
तिच्या गळ्यातला तारा शर्टाबाहेर आला.
नखाएवढा. आजोबांनी स्फाक्स सोडताना
कोटाच्या अस्तरात शिवून आणलेला.
मला दिसला. मी 'थांब' म्हणालो नाही.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

रात्रीपर्यंत चार हजार लोकांना
तिच्या केसांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.
कुणी भट्टीचं चित्र धाडलं.
कुणी दूरच्या युद्धाचा जाब विचारला,
जणू हेअर ड्रायर हातात धरलेली ही सेनापती.
कुणी म्हणालं, जगातला सगळा पैसा तुमच्याच घरात.
बाबा टॅक्सी चालवतात. फ्रिजचा हप्ता थकलाय.

शाम्पूवाल्यांनी कळवलं: आपली मूल्यं जुळत नाहीत.
केस तेच होते.

दुसऱ्या दिवशी तिनं ते कुरळेच ठेवले.
तारा बाहेर काढला, या वेळी मुद्दाम.
म्हणाली, ऊरिएल, धर फोन.
आणि बोलली. शुक्रवारच्या पावाबद्दल,
आजीच्या शिव्यांबद्दल, त्यातल्या निम्म्या अरबी,
शाळेतल्या बाकावर तिच्या नावाशेजारी
कंपासच्या टोकानं कोरलेल्या शब्दाबद्दल.
शेवटी म्हणाली, लपायचा कंटाळा आलाय मला.
कंटाळा. भीती नाही म्हणाली, राग नाही म्हणाली.

आणि मी? मी कॅमेऱ्यामागचा.
माझी किप्पा टोपीखाली,
टोपीवर गावच्या बास्केटबॉल संघाचं नाव.
मेट्रोत मी फक्त त्या संघाचा.

रोज पहाटे ती उठायच्या आत
मी तिचे निरोप निवडतो, डाळीतले खडे निवडावेत तसे.
एक ठेवून दिलाय. नान्सीची कुणी नर्स लिहिते:
तुला ऐकून दारावरच्या पाटीवर
आडनाव पुन्हा पूर्ण लिहिलं.
दोन दिवसांनी पुसलं.
पण दोन दिवस होतं.

आमच्या दाराबाहेरची मेझुझा
बाबांनी मागच्या हिवाळ्यात काढली,
खालच्या मजल्यावरचं दार कुणी खरवडलं त्या आठवड्यात.
आत लावली, कोट टांगतो तिथं, कोटांच्या मागं.
चौकटीतली दोन भोकं टूथपेस्टनं बुजवली,
वरून रंगाचा हात दिला.
पिझ्झा मागवताना आम्ही लफेव्र कुटुंब.

काल ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली.
म्हणाली, आज हे दाखवायचं.
मी म्हणालो, फोन मी धरला तर ती कोण धरणार?
तिनं जरा विचार केला
आणि फोन चपलांच्या कप्प्यावर पालथा ठेवला.

जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी विजतो.
मी कोपरानं बटण दाबत राहिलो.
स्क्रू आत शिरला तसा पुदिन्याचा वास सुटला,
इतका की मला हसू आलं.
समोरच्या मादाम व्हर्दियेंनी दार उघडलं, पाहिलं, लावलं.
का लावलं ते कळलं नाही.
ओडेलिया आशीर्वाद म्हणू लागली आणि मधेच अडली,
लाखभर लोकांसमोर न अडणारी.
पुढचा शब्द मलाही आठवेना.

मग आतून, बंद दारापलीकडून,
बाबांनी तो शब्द सांगितला.
हळू. रेडिओ लावून ठेवलेला असताना.
दार मात्र उघडलं नाही.

दिवा विजला. या वेळी मी बटण दाबलं नाही.
बोटानं चाचपून पाहिलं: उभी होती, सरळ,
आमच्या रीतीनं. जराशी हलत होती.
टूथपेस्ट ती शेवटी टूथपेस्ट.